फरक क्रमांक एकशे अठरा

मंडळाच्या वहीची पद्धत अशी, की डावीकडे लिहायचं 'मालिकेत', उजवीकडे लिहायचं 'कादंबरीत', आणि मध्ये पट्टीनं एक उभी रेघ मारायची. ही गोष्टसुद्धा तशीच नीट दोन बाजूंना मांडायचा बेत होता. पण लिफ्ट दुरुस्त करणारा आपला गडी नेमका त्या रेघेवर चढून बसला, आणि रेघेवर बसलेल्या माणसाची गोष्ट दोन्ही बाजूंना सांडते. त्याला इलाज नाही.

फरक १

मालिकेत ही सुरुवात धुक्यात झाली असती. ओले दगड, कंदील, लांबून येणाऱ्या घोड्याच्या टापा. कादंबरीत आधी सहा पानं इमारतीचं वर्णन आलं असतं. प्रत्यक्षात भर दुपारी बारा वाजता एका पाच मजली इमारतीची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या, आणि बाहेर दाराला कान लावून हा उभा होता.

लिफ्टच्या धंद्यात एक शिस्त आहे. जोडीदार वर मशीनरूममध्ये हातानं ब्रेक सोडून लिफ्ट मजल्याला आणतो, तोवर दाराशी उभ्या माणसानं आतल्याशी बोलत राहायचं. काहीही बोलायचं. फक्त वाद घालायचा नाही. घाबरलेला माणूस दार ओढायला लागतो आणि भलतंच होऊन बसतं. आतला म्हणाला आज बुधवार, तर बुधवार. आपल्या गड्यानं बावीस वर्षांत दाराबाहेरून कशाकशाला होकार दिला होता, त्याचा हिशोब नाही. एकाच्या जावयाला तर त्यानं न बघता नालायक ठरवला होता.

"तुम्ही 'कारकून' बघता का?" आतून बाईंनी विचारलं.

बघत होता. म्हणजे बायको बघायची, आणि टीव्ही एकच होता. जुन्या काळची गुप्तहेर मालिका. टपाल कचेरीत, पत्ता न लागलेल्या पत्रांच्या टेबलावर एक कारकून बसतो आणि गुन्हे उकलतो. दर गोष्टीत त्याच्या टेबलावर पत्ताच नसलेलं एक पाकीट येतं. आत एकच ओळ असते, आणि त्या ओळीवरून पुढचा माग लागतो. हे पाकीट पाठवतं कोण, ते काही कळत नाही. मूळ कादंबऱ्या चौदा होत्या, असं प्रत्येक भागाच्या सुरुवातीला बारीक अक्षरात यायचं.

"बघतो की," तो म्हणाला.

"कशी वाटते?"

आता आली का पंचाईत. चांगली म्हणावं, तर बाईंना आवडत नसेल. वाईट म्हणावं, तर आवडत असेल. वर जोडीदाराचा अजून पत्ता नव्हता.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण पुस्तकाची सर नाही."

आत शांतता पसरली. इतकी, की त्याला वाटलं बाईंना चक्कर आली.

"रविवारी चार वाजता काय करता तुम्ही?" आतून आवाज आला.

फरक २ ते ११७

हे सगळे इथे उतरवत नाही, कारण सगळे एकाच छापाचे आहेत.

बाईंच्या तिसऱ्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत दर रविवारी पाच जणांचं हे मंडळ भरायचं, आणि मालिका नि कादंबरीतला एकेक फरक बाईंच्या वहीत चढायचा. बाई स्वतः. त्यांच्यासमोर नाक्यावरचे चष्मेवाले, जे मालिकेचे वकील होते आणि दर दहा मिनिटांनी "दोन माध्यमं वेगळी असतात हो" असं म्हणायचे. एक शिंपीणकाकू, ज्यांना गुन्ह्याशी देणंघेणं नव्हतं, फक्त कपड्यांशी होतं. काकूंचा भाऊ, जो बिस्किटांसाठी येतो असं काकूच सांगायच्या. आणि आता हा.

वाद ठरलेला असायचा. कादंबरीतला कारकून बुटका, बारमाही सर्दीचा, गळ्याला मफलर. मालिकेतला सहा फुटी, नाक ठणठणीत कोरडं, शिवाय घोड्यावर बसतो. टपाल कारकुनाला घोडा दिला कुणी, या एका प्रश्नावर मंडळाचे तीन रविवार गेले होते.

आपल्या गड्यानं पहिल्याच आठवड्यात पहिली कादंबरी विकत आणली होती. खोटं कशाला सांगा. अकराव्या पानावर त्याला झोप लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली, पुन्हा अकराव्या पानावर आडवा. बायको म्हणाली, "डॉक्टरांच्या गोळ्या बंद करा, हेच घेत जा."

पण त्याला लवकरच एक शोध लागला. मंडळात नवीन भागाची चर्चा निघाली, की खुर्चीत जरा मागे रेलायचं, छताकडे बघायचं आणि म्हणायचं, "पुस्तकात हे असं नाही." हे वाक्य कधीच चुकत नाही. कुठलीच मालिका पुस्तकासारखी नसते. कुणी विचारलंच, "मग कसं आहे?" तर म्हणायचं, "ते सांगून मजा नाही. वाचायलाच पाहिजे." एवढ्यावर त्यानं पावणेदोन वर्षं काढली. घरी त्याला गॅस सिलिंडर कधी संपेल हेसुद्धा कुणी विचारत नव्हतं. इथे मात्र त्याचं मत घेतल्याशिवाय विषय बंद होत नसे.

फरक ११८

मालिकेत: कारकून धावत येतो, जाळीचं दार उघडं असताना लिफ्टमध्ये उडी घेतो, आणि लिफ्ट तशीच वर जाते.

हे बघून आपल्या गड्याचा पारा चढला. मालिकेत कारकुनाला घोडा द्या, हत्ती द्या. पण उघड्या दारानं लिफ्ट चालवायची म्हणजे काय? रविवारी तो तरातरा आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाला, "पुस्तकात हा माणूस लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही."

हे त्यानं रागानं म्हटलं होतं. त्याला काडीचा आधार नव्हता. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हे वाक्य तपासता येण्यासारखं होतं.

बाईंनी चष्मा काढला. बोटं मोडत त्या पुटपुटायला लागल्या. त्यांनी त्या वेळेपर्यंत तेरा पुस्तकं वाचलेली होती आणि तेराही त्यांच्या जिभेवर होती. टपाल कचेरीत लिफ्ट होती, हे खरं. तिच्या दाराशी स्टुलावर एक लिफ्टमन बसलेला असायचा. पण कारकुनाचं टेबल तळमजल्यावर.

"खरंच की," बाई म्हणाल्या. "तेरा पुस्तकांत एकदाही नाही. वीस वर्षं वाचतेय मी. माझ्या ध्यानात आलं नव्हतं हो."

चष्मेवाले त्याच्याकडे बघत राहिले. काकूंच्या भावाच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. बाईंनी वहीत ११८ लाल शाईनं लिहिला. त्या दिवसापासून मंडळात त्याचं नाव पडलं, पुस्तकवाले.

घरी आल्यावर त्यानं हे बायकोला सांगितलं.

"पुस्तकवाले?" ती म्हणाली. "तुम्ही औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा मला वाचायला लावता."

फरक — (बाईंच्या अक्षरातली शेवटची नोंद. ओळ रेघ सोडून खाली घसरली आहे.)

बाईंचे डोळे गेले ते हळूहळू, आणि मधोमधच गेले. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. "तुमच्या तोंडाकडे पाहिलं की तोंड गायब होतं," त्या म्हणायच्या, "कान तेवढे शाबूत राहतात." चष्मेवाल्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की यावर चष्मा नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

आणि चौदावं पुस्तक वाचायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, बाईंनी ठेवलं होतं. शेवटचं पुस्तक वाचलं की संपलं, म्हणून कपाटात सात वर्षं कोरंच्या कोरं. ज्यात त्या पाकिटांचं रहस्य फुटतं, तेच नेमकं. आता टीव्हीवाल्यांनी जाहीर केलं, की शनिवारी रात्री आठ वाजता मालिकेचा शेवटचा भाग.

रविवारी सगळे उठल्यावर बाईंनी त्याला थांबवून घेतलं.

"मला शेवट पुस्तकातनं कळला पाहिजे," त्या म्हणाल्या. "टीव्हीनं सांगितलेला नको. तुम्ही सोमवारपासून रोज पाच ते सात येऊन वाचून दाखवाल का? दोनशे वीस पानं आहेत. चष्मेवाल्यांना सांगितलं असतं, पण ते मालिकेच्या बाजूचे. त्यांच्या आवाजात खोट येईल."

त्यानं छताकडे बघितलं.

"आणि वाचून झालं की वही तुमच्याकडे," बाई म्हणाल्या. "तुमच्यानंतर कुणाला द्यायची, ते तुम्ही ठरवा."

दार बंद नव्हतं, बाई अडकल्या नव्हत्या, लिफ्ट कुठेच लटकलेली नव्हती. नाही म्हणायला पूर्ण मोकळीक होती. तो म्हणाला, "येतो की."

एक फरक, जो वहीत नाही

सोमवारी सकाळी तो चष्मेवाल्यांच्या दुकानात गेला. सदतीस मिनिटं आधी त्यानं बाईंनी आदल्या दिवशी हातात दिलेलं चौदावं पुस्तक उघडून बघितलं होतं आणि ओळी मुंग्यांसारख्या चालायला लागल्या होत्या.

चष्मेवाल्यांनी त्याला उंच खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर लोखंडी चौकट चढवली आणि एकेक काच घालून विचारायला लागले. ही बरी की ही? आता? आता? पाचव्या काचेला छोट्या तक्त्यावरची शेवटून तिसरी ओळ एकदम जागच्या जागी उभी राहिली.

"जवळचा नंबर आहे," चष्मेवाले म्हणाले. "आजचा नाही, पाचेक वर्षांचा असेल." मग त्यांनी चौकट तशीच त्याच्या नाकावर राहू दिली आणि समोर स्टूल ओढून बसले. "या डोळ्यांनी तुम्ही तेरा पुस्तकं वाचलीत?"

आपला गडी खुर्चीत अडकला होता. नाकावर अर्धा किलो लोखंड घेऊन माणसाला उठून जाता येत नाही.

"अकरा पानं," तो म्हणाला.

"अकरा पुस्तकं?"

"पानं."

चष्मेवाल्यांनी दुकानाच्या दाराकडे बघितलं. गिऱ्हाईक नव्हतं. "मला पहिल्या महिन्यातच शंका आली होती," ते म्हणाले. "तुम्ही कधी एकही नाव घेत नाही. मी चौदाही वाचलीत. दोनदा."

"तुम्ही? तुम्ही तर मालिकेचे."

"मालिकेचा एकही भाग बघितलेला नाही मी. घरातला टीव्ही सासऱ्यांच्या ताब्यात असतो. ते कुस्ती बघतात."

आपल्या गड्यानं हे कोडं चौकटीआडून सोडवायचा प्रयत्न केला.

"मग एवढे भांडता कशाला मालिकेसाठी?"

"पुस्तकं फार लांबण लावतात हो," चष्मेवाले म्हणाले. "मला वाटायचं, मालिका तरी सुटसुटीत असेल. घोडा आहे म्हणता, म्हणजे पळत असेल."

"उभा असतो. गाणं चालू असतं आणि घोडा उभा असतो. मला वाटायचं, पुस्तकात तरी काही घडत असेल."

"पुस्तकात पाऊस थांबायची वाट बघतात. चाळीस पानं."

म्हणजे पावणेदोन वर्षं दोघं समोरासमोर बसून, आपण न पाहिलेल्या गोष्टीसाठी हमरीतुमरीवर येत होते. जे पाहिलं त्याचा दोघांना कंटाळा आला होता. न पाहिलेलं मात्र प्रत्येकाला झकास वाटत होतं. चष्मेवाल्यांनी काउंटरखालून तयार वाचनाचा चष्मा काढून दिला आणि तासाभरात तेरा पुस्तकं थोडक्यात सांगितली. त्यानं बदल्यात मालिकेचे तीन हंगाम सांगितले. चौदाव्याचा शेवट मात्र चष्मेवाल्यांनी सांगितला नाही.

"तो तुम्ही बाईंबरोबरच वाचा," ते म्हणाले. "आणि एक करा. जे छापलंय ते वाचा. आपलं डोकं चालवू नका."

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार

इथे मालिकेनं एकेक मिनिटाची झलक दाखवून गाणं लावलं असतं.

तो अडखळत वाचायचा. मशीनच्या माहितीपुस्तकासारखं वाचायचा, प्रत्येक शब्दाला सारखाच जोर देऊन. बाई डोळे मिटून ऐकायच्या आणि मधूनच म्हणायच्या, "सर्दी झालीय त्याला, नाकातनं बोला." मंगळवारी तो नाकातनं बोलायला लागला. अकरावं पान सोमवारीच मागे गेलं, हे बुधवारपर्यंत त्याच्या लक्षातसुद्धा आलं नाही. गुरुवारी सात वाजले तेव्हा तोच म्हणाला, "अजून दोन पानं बघू का?"

घरी बायकोनं विचारलं, "झोप नाही आली?"

"पाऊस थांबायची वाट बघतायत," तो म्हणाला. "गप्प बस जरा."

शुक्रवार, पान २०३

कारकुनाला बढती मिळाली होती आणि टेबल चौथ्या मजल्यावर गेलं होतं. पान उलटलं. वर पहिलीच ओळ होती: कारकुनानं आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये पाऊल ठेवलं.

आपला गडी थबकला.

त्याच्या डोक्यात त्या वेळी काय आलं, ते त्याच्याच शब्दांत सांगायचं तर एकच आलं. एकशे अठरा. लाल शाई. पुस्तकात हा माणूस लिफ्टमध्ये पाऊल ठेवत नाही, आणि इथे तर दोन्ही पावलं ठेवून उभा होता. आता बाई म्हणणार, हे काय हो, पुस्तकवाले?

"कारकुनानं आयुष्यात पहिल्यांदा," तो म्हणाला, आणि ओळीवर अंगठा ठेवला, "चौथ्या मजल्याच्या जिन्यावर पाऊल ठेवलं."

"बरं," बाई म्हणाल्या.

एक शब्द बदलला की पुढचा बदलावा लागतो. पुढच्या ओळीत लिफ्टमन होता.

"जिनेवाल्यानं वर बघितलं."

"कोण जिनेवाला?"

"जिन्यावर बसणारा. जिन्यावर नोकरीला असतो तो." त्यानं घाईनं पुढची ओळ गाठली. "जिनेवाल्यानं दार ओढून घेतलं."

"जिन्याला दार?"

"त्या काळी असायचं," तो म्हणाला.

पुढे पुस्तकात लिफ्टमन तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबवतो. तीस वर्षं तो लिफ्टमध्ये उभा आहे. साहेब लोक त्याच्यासमोर सगळं बोलतात, कारण लिफ्टमन म्हणजे त्यांना भिंतीवरचं बटण. गुन्हे त्याच्या कानावर पडत गेले. पत्ता नसलेली पाकिटं त्यानंच टाकली. कारकुनाला तोंडावर सांगता आलं नाही, कारण सगळ्या कचेरीत हा एकच माणूस कधी लिफ्टमध्ये चढला नाही.

आपल्या गड्यानं हा सगळा प्रसंग जिन्यावर चढवला. दोघांना पायरीवर बसवलं. लिफ्टचा आवाज येतो तिथे धापा टाकल्या. लोक जिनेवाल्यासमोर गुपितं का बोलायचे, तर म्हणे, चढून दमल्यावर माणूस टेकतो आणि मन मोकळं करतो. सोळा पानं. बावीस वर्षं लिफ्टमध्ये काढलेल्या माणसानं आपल्या हातांनी लिफ्ट उखडून टाकली, आणि घामाघूम होऊन पुस्तक मिटलं. छापलेलं दीड पान तर त्यानं धसक्यानं गाळलंच.

"संपलं," तो म्हणाला.

बाईंनी डोळे उघडले.

"तेरा पुस्तकांत हा जिनेवाला कुठे होता?" त्यांनी विचारलं.

"असेल कुठे तरी."

"नव्हता. एका ओळीतसुद्धा नव्हता." त्यांचा आवाज पडला होता. "शेवटच्या पुस्तकात नवाच माणूस आणायचा आणि म्हणायचं, हाच तो. ही लबाडी झाली. घोडा परवडला. घोडा निदान पहिल्या भागापासून होता."

"बाई..."

"जा तुम्ही. उशीर झाला."

शनिवार, दुपारी बारा

चष्मेवाले जिने चढून एका इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनरूमपर्यंत आले. आपला गडी मोटरला ग्रीस लावत होता.

"बाईंचा फोन आला होता," ते दम खात म्हणाले. "वही मला देणार आहेत."

"घ्या मग."

"म्हणाल्या, लेखकानं शेवटी फसवलं. म्हणाल्या, वीस वर्षं आपण भलत्याच माणसाची बाजू घेतली. आता तुम्ही आणि तुमचा घोडा सांभाळा वही. तेराही पुस्तकं रद्दीत द्यायची म्हणतायत." चष्मेवाले लोखंडी पेटीवर बसले. "जिनेवाला कोण?"

त्यानं सांगितलं.

"तुम्हाला कळलं का, तुम्ही काय केलंत?" ते शेवटी म्हणाले. "तेरा पुस्तकांत त्या लेखकानं लिफ्टमनला दाराशी बसवून ठेवलाय. एका पुस्तकात एक ओळ. आणि कारकुनाला एकदाही आत जाऊ दिलं नाही. हे मला चौदावं वाचेपर्यंत दिसलं नव्हतं. बाईंना वीस वर्षांत दिसलं नाही. तुम्ही न वाचता बोललात. तुमचा एकशे अठरा ही त्या रहस्याची किल्ली होती हो."

ग्रीसचा डबा हातात धरून आपला गडी उभा राहिला. म्हणजे छापलेलं जसंच्या तसं वाचलं असतं, तर बाईंनी टाळी दिली असती. मंडळानं डोक्यावर घेतलं असतं. आपली थाप वाचवायला म्हणून त्यानं जे खोडलं, त्यातच त्या थापेची शाबासकी छापलेली होती. अशी कामगिरी करायला अंगात वेगळीच अक्कल लागते. ती त्याच्यात भरपूर होती.

"तुम्ही सांगा ना त्यांना," तो म्हणाला.

"मी सांगितलं तर मालिकेच्या बाजूचा माणूस सारवासारव करतोय असं वाटेल. शिवाय," चष्मेवाले उठले, "जिनेवाला माझा नाही. आठ वाजता मंडळ जमणार. टीव्ही लागायच्या आत काय ते उरका."

शनिवार, संध्याकाळी पावणेसहा

बाईंनी दार उघडलं आणि त्याच्या कानाकडे बघितलं.

"वही टेबलावर आहे," त्या म्हणाल्या. "चष्मेवाल्यांना नेऊन द्यायची असेल तर द्या."

"जिनेवाला मी घातला," तो म्हणाला.

बोलायची तयारी त्यानं वाटेत केली होती. आधी डोळ्यांच्या नंबराचं सांगायचं, मग हळूच मुद्द्यावर यायचं. ते सगळं उंबऱ्यावरच सांडलं. मग थांबताही येईना. लिफ्टच्या दाराशी का होकार दिला, अकरा पानं, छताकडे बघणं, एकशे अठरा रागानं बोललो होतो, काल तो लिफ्टमध्ये चढला आणि मी त्याला ओढून बाहेर काढला. सगळं. चष्मेवाल्यांचं मात्र त्यानं सांगितलं नाही. ते त्यांचं त्यांनी बघावं.

बाई खुर्चीत बसल्या होत्या. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही एकही पुस्तक वाचलेलं नाही."

"हे एक. तेसुद्धा दोनशे दोन पानांपर्यंतच खरं."

"आणि मी वीस वर्षांच्या वाचनातून झालेली वही तुम्हाला द्यायला निघाले होते."

"हो."

"मला फसवायला माणूस लागला नाही," बाई म्हणाल्या. "मीच आपणहून विचारायचे, काय पुस्तकवाले, बरोबर ना? आणि तुम्ही छताकडे बघायचा." त्यांनी मान वर केली. "आमच्या छतावर काय आहे हो?"

"ओल आहे. डाव्या कोपऱ्यात."

बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण हसू आलं नाही.

"रद्दीवाला उद्या येणार आहे," त्या म्हणाल्या. "लेखकानं फसवलं नाही म्हणता?"

"नाही. मी फसवलं."

"दिवा लावा," बाई म्हणाल्या. "दोनशे तीन."

त्यानं दिवा लावला, चष्मा चढवला. पहिली ओळ वाचली तशी बाईंच्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर थांबली. लिफ्टमन आला. त्यानं जाळीचं दार ओढून घेतलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "हा तो स्टुलावरचा?"

त्याच्या जिभेवर 'वाचायलाच पाहिजे' आलं होतं. ते त्यानं गिळलं. "माहीत नाही," तो म्हणाला. "तुम्ही सांगा. तेरा पुस्तकं तुम्ही वाचलीत."

"तिसऱ्यात तो टोपी झटकत असतो. सातव्यात त्याला खोकला आहे. नवव्यात..." त्यांनी हात हलवला. "वाचा. पुढे वाचा."

तो वाचत राहिला. अडखळला तिथे अडखळला, नाकातनं बोलायचं तिथे नाकातनं बोलला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, तिथे त्याचा आवाज आपोआप खाली आला, दाराबाहेरून बोलताना यायचा तसा. लिफ्टमन म्हणाला, की तीस वर्षं मी तुमची वाट बघत होतो, तुम्ही कधी चढलाच नाहीत. बाईंनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा.

बाहेर पावलं वाजली. घंटा झाली. आठला दहा कमी होते.

"मंडळ आलं," तो म्हणाला.

"किती उरलंय?"

"दीड पान. काल मी गाळलेलं."

घंटा पुन्हा वाजली. बाहेरून काकू म्हणत होत्या, "बाई, अहो सुरू होईल आता." आणि चष्मेवाल्यांचा आवाज आला, "थांबा हो काकू, घाई काय आहे. लागलं तर लागलं." काकूंचा भाऊ म्हणाला, "आत बिस्किटं आहेत ना?"

"उभं राहू द्या त्यांना," बाई म्हणाल्या. "हळू वाचा."

त्यानं हळू वाचलं. शेवटच्या ओळीनंतर अर्धं पान कोरं होतं. तो त्या कोऱ्या पानाकडेही जरा वेळ बघत बसला, न जाणो आणखी काही असेल. बाईंनी पदरानं डोळे टिपले, मग नाक.

"तेराच्या तेरा ठिकाणी होता तो," त्या म्हणाल्या. "डोळ्यांसमोर."

"हो."

"तुमचा जिनेवाला अगदीच वाईट नव्हता. धापा बऱ्या टाकल्यात. पण त्याला तिथे नोकरी नव्हती, एवढंच."

घंटा तिसऱ्यांदा वाजली. तो उठला, आणि उठल्यावर कुठे जायचं ते त्याला कळेना. वही टेबलावर होती. त्यानं तिला हात लावला नाही.

"रविवारी यायचं का मी?" त्यानं विचारलं.

"ते मला नका विचारू. बाहेर किती जण आहेत?"

"तिघं."

"मग दार उघडा आणि तिघांना सांगा. मला जे सांगितलंत, ते सगळं. उभ्यानंच सांगा." बाईंनी पुस्तक आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले. "शेवट मात्र सांगू नका."